दीड मिनिटाची गाणी

शनिवार, ८ मार्च २०२५, निशिकासाई, टोकियो

घसा पार बसलाय. सकाळी बायकोला चहा दे म्हणालो तर असा काही आवाज निघाला की ती म्हणाली आधी मिठाच्या गुळण्या कर आणि मग बोल. काल ऑफिसात एकाचा निरोप होता, तो फुकुओकाला बदलून चाललाय, इथे मार्च म्हणजे बदल्यांचाच महिना. तर आधी इझाकाया, म्हणजे इथला खाण्यापिण्याचा बार, आणि मग नेहमीप्रमाणे कराओके. मी दहाच्या ट्रेनने सटकणार होतो पण जो चाललाय तोच दारात उभा राहून म्हणाला की तू नाही आलास तर मी पण घरी जातो. मग काय.

हा माझ्याच वयाचा, ३६. नऊ वर्षं शेजारी शेजारी बसलो आणि एवढ्या वर्षांत टेस्टिंग, डेडलाइन आणि आज जेवायला कुठे जायचं यापलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं, हे काल लक्षात आलं आणि जरा लाजच वाटली.

पहिलंच गाणं लागलं 'तेनताई कानसोकु'. म्हणजे आकाशनिरीक्षण. बंप ऑफ चिकन नावाचा बँड आहे, चिबातल्या साकुरा गावचे चार बालमित्र, हे गाणं २००१ चं. नुसती सुरुवातीची गिटार वाजली आणि खोलीतले सगळे तिशीतले पुरुष एका सुरात ओरडले, "उवाऽ, नात्सुकाशी!" आपल्याकडे "काय आठवण काढलीस यार" म्हणतात ना, त्याच्या जवळपासचं, पण हे लोक ते इतक्या पटकन आणि इतक्या जोरात म्हणतात की ठेच लागल्यावर "आई गं" निघावं तसं. आणि त्याला जोडून ठरलेलं दुसरं वाक्य, "सेदाई दा ना", म्हणजे आपल्या पिढीचं रे. गाण्यात पोरगा रात्री दोन वाजता टेलिस्कोप खांद्यावर टाकून रेल्वे फाटकाशी जातो, कमरेच्या पट्ट्याला रेडिओ बांधलेला, कोणाची तरी वाट बघतोय. आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, जे मीटिंगमध्ये मान सुद्धा हलवत नाहीत, ते सोफ्यावर उभे राहून खंजिरी बडवत होते. तेवढ्यात गेल्या एप्रिलमध्ये लागलेलं नवं पोरगं म्हणालं, "हे गाणं आलं त्याच वर्षी माझा जन्म. आई गाडीत लावायची." खोलीत दोन सेकंद सन्नाटा. काचो खाली बसले.

मग विषय निघाला एमडीचा. मिनीडिस्क, सोनीची, आपल्याकडे कुणाकडे बघितल्याचं मला तरी आठवत नाही. यांच्या शाळेच्या दिवसांत सीडी विकत घेणं म्हणजे खिसा रिकामा, म्हणून दुकानातून भाड्याने आणायची, घरी एमडीवर उतरवायची आणि परत द्यायची. ऐंशी मिनिटांची डिस्क, चिमुकलं लेबल, त्यावर बारीक अक्षरात गाण्यांची नावं. मला एकदम आमच्या गल्लीतलं कॅसेट भरून देणारं दुकान आठवलं, तिथे यादी द्यावी लागायची आणि तो माणूस यादीतलं एक तरी गाणं हमखास चुकीचं भरायचा. पुढे २००२ च्या डिसेंबरात इथे मोबाइलवर खरंखुरं गाणं रिंगटोन म्हणून घ्यायची सोय आली, 'चाकु-उता', आणि मग कुणाच्या फोनला कुठलं गाणं यावर वर्गात इज्जत ठरायची म्हणे. हे ऐकताना आमचेच कॉलर ट्यूनचे दिवस आठवत होते.

माझी पाळी आली तर मी छाती पुढे काढून 'रिराइतो' लावलं. एशियन कुंग-फू जनरेशन, इथे सगळे नुसतं आजिकान म्हणतात, गाणं २००४ चं. हॉस्टेलला असताना, पुण्यात, २००७ च्या आसपास, आमच्या मजल्यावर एकच हार्ड डिस्क या खोलीतून त्या खोलीत फिरायची, तिच्यात सबमिशनपासून नारुतोसारख्या अॅनिमेपर्यंत, म्हणजे जपानी कार्टून मालिकांपर्यंत, सगळं. फुलमेटल अल्केमिस्ट या तसल्याच मालिकेचं चौथं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीचं गाणं, हेच होतं आणि खाली रोमन अक्षरात शब्द यायचे, ते वाचून वाचून अर्थ न कळता पाठ झालेलं. नंतर जपानी क्लास लावला तेव्हा बाई म्हणाल्या, उच्चार चांगलेत, आधी कुठे शिकलात? काय सांगणार.

तर माइक घेतला, पहिलं कडवं झक्कास, मुखडा जीव तोडून ओरडलो, सगळे उभे राहून टाळ्या, नव्या पोराने व्हिडिओ सुद्धा काढला. आणि मग दुसरं कडवं सुरू झालं.

मला दुसरं कडवं माहीतच नाही! कारण अॅनिमेच्या ओपनिंगला गाणं दीड मिनिटात बसवतात, एक कडवं, एक मुखडा, संपलं. मी इतकी वर्षं ही गाणी 'येतात' म्हणून मिरवतोय आणि मला प्रत्येक गाण्याचं फक्त दीड मिनिट येतं. स्क्रीनवर कांजी, ही जपानीची चित्रलिपी, भराभर पळतायत, सावकाश वाचायला दिल्या तर मी वाचेन पण या स्पीडला शक्यच नाही, आणि त्यात हे गाणं मध्येच एकदम संथ होतं, मला वाटलं संपलं, मी माइक खाली ठेवला. सगळे हसायला लागले. तेव्हा हा फुकुओकावाला उठला, दुसरा माइक घेतला आणि स्क्रीनकडे न बघता पुढचं सगळं म्हटलं, डोळे मिटून.

नंतर म्हणाला, शाळेत बँड होता आमचा, मी बेस वाजवायचो. नऊ वर्षं शेजारी बसतोय आणि मला आत्ता कळतंय! शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवात मोनपाचीचं 'चीसाना कोइ नो उता' वाजवलं होतं, मोनपाची म्हणजे मोंगोल ८००, ओकिनावाचे. त्याचं म्हणणं, कॉर्ड सोपे म्हणून तेव्हा जपानातल्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक बँडने हेच वाजवलंय आणि प्रत्येकाला वाटायचं की आपण काहीतरी भारी करतोय. आपल्याकडे गिटार हातात आली की पहिलं कुठलं गाणं वाजतं ते सगळ्यांना माहितीये, तसंच.

मध्ये 'किसेकी' पण झालं. ग्रीनचं, २००८ चं, चेहरा न दाखवणाऱ्या चार डेंटिस्टांचा ग्रुप. मला ते गाणं जरा गोड गोड वाटतं, पण काचोंच्या लग्नात वाजलेलं म्हणे, मग काय बोलणार, टाळ्या वाजवल्या.

शेवटी त्याने 'सान्गात्सु कोकोनोका' लावलं. नऊ मार्च. रेमिओरोमेन, २००४. मित्राच्या लग्नासाठी केलेलं गाणं, पण शाळा इथे मार्चमध्ये संपते म्हणून ते झालं निरोपाचं. जपानी शिकताना तारखा आम्ही पाढ्यासारख्या घोकायचो, त्सुइताची फुत्सुका मिक्का, आणि माझं कायम याच कोकोनोकाला अडायचं. या गाण्याला कोणी ओरडलं नाही. नात्सुकाशी पण म्हणालं नाही. बसूनच गायले, जरा बेसूरच, काचो चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते.

मग त्याने विचारलं, तुमच्याकडे निरोपाला काय गातात? मी फोनवर केकेचं 'पल' लावलं, १९९९ चं. शब्द कोणाला कळत नव्हते तरी ऐकत होते. हा गायक कुठे असतो आता, असं नव्या पोराने विचारलं. २०२२ मध्ये गेला, म्हणालो. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला, दहा मिनिटं राहिलीत, वेळ वाढवायचा का? काचो म्हणाले, वाढवा.

तोझाई लाइनची शेवटची मेट्रो जेमतेम मिळाली. मिनामी-सुनामाचीनंतर ट्रेन बोगद्यातून वर येते आणि आराकावा नदीचा पूल लागतो, तिथपर्यंत मी 'रिराइतो'चा उरलेला भाग कानात लावून शब्द वाचत होतो. पुलावर असतानाच त्याचा मेसेज आला. पॅकिंग करताना सापडली म्हणून एका एमडीचा फोटो. लेबलवर शाळकरी अक्षरात दहा-बारा गाणी, तिसरं खोडून परत लिहिलेलं. खाली लिहिलं होतं, वाजवायला प्लेअर नाहीये.

उद्या सकाळी आठला त्याचा ट्रक येतोय. जाणार आहे खोकी उचलायला, त्याला घसा लागत नाही. तारीख बघितली तर कोकोनोका.