एसी-कूलरवाल्या भाऊंचा डॅशबोर्ड, भाग दुसरा: एका ओळीत नेमकं काय भरायचं?

मागच्या नोंदीत नुसता सांगाडा दाखवला होता, आता त्यात खरा माल भरलाय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: नागपुरात आमच्या ओळखीचे एक भाऊ एसी, कूलर, गीझर दुरुस्तीचं कंत्राट घेतात. हाताखाली चार मेकॅनिक, शिवाय हेल्पर. घरगुती गिऱ्हाईक भरपूर, आणि काही दवाखाने-ऑफिसांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट). माझा धंद्याशी संबंध नाही, मला शीटचा नाद आहे. त्यांना डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे आकडे एका पडद्यावर दाखवणारा फलक, हवा होता, मला खेळायला खरा डेटा हवा होता, जमलं.

सामान सगळं फुकटचं: गूगल फॉर्म, गूगल शीट आणि लुकर स्टुडिओ (शीटमधल्या आकड्यांचे चार्ट करणारं गूगलचं साधन, ऑक्टोबर २०२२ पर्यंत ज्याला डेटा स्टुडिओ म्हणत). अशाच कामाचं मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय मुद्दामच घेतलं नाही. भाऊंकडे लॅपटॉप नाही, जे काही बघायचं ते फोनवर.

कॉल मोजायचे की तक्रारी?

चार्ट, रंग, गेज हे सगळं शेवटी. माझ्या मते डॅशबोर्डचं नशीब ठरतं ते एका प्रश्नावर: शीटमधली एक ओळ म्हणजे काय?

भाऊंच्या डायरीत एक ओळ म्हणजे एक फेरी. त्यांच्या भाषेत 'कॉल'. समजा खामल्यातल्या एका घरी दीड टनाचा स्प्लिट थंड करत नाही. मेकॅनिक गेला, बघितलं, पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी पीसीबी नेला तर घराला कुलूप. तिसऱ्या दिवशी बसवला. डायरीत तीन कॉल झाले, तक्रार मात्र एकच आणि बिलही एकच. महिनाअखेरीला कॉलचा आकडा फुगलेला दिसतो आणि भाऊ म्हणतात, कामं तर चिक्कार झाली, मग पैसा कुठे गेला? पैसा कुठेच गेला नाही, तो मुळात आलाच नव्हता. पेट्रोल मात्र तीनदा जळलं.

म्हणून चार वेगळे तक्ते केले: मशीन, तक्रार, फेरी, आणि जमा पैसे. एका मशीनच्या अनेक तक्रारी, एका तक्रारीच्या अनेक फेऱ्या, एका तक्रारीचे पैसेही कधी दोन-तीन हप्त्यांत. हे चार तक्ते वेगळे ठेवले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मशीन ओळखायचं कसं, हा यातला सगळ्यात मजेचा भाग. फोन नंबरवरून ओळखायचं ठरवलं तर एकाच घरातून एकदा काकूंचा फोन येतो, एकदा मुलाचा. पत्त्यावरून म्हणाल तर 'मंदिराच्या मागे' आणि 'मंदिरामागे' ही शीटच्या लेखी दोन घरं. शेवटी प्रत्येक मशीनला क्यूआर कोडचं स्टिकर लावायला घेतलं. इनडोअरचं पुढचं पॅनल उघडलं की जाळीच्या वर आत जागा असते, तिथे. आउटडोअरवर लावून उपयोग नाही, विदर्भाच्या उन्हात छापील अक्षर टिकत नाही.

कोड स्कॅन केला की गूगल फॉर्म उघडतो आणि मशीन क्रमांक आधीच भरलेला असतो. करायला सोपं आहे. फॉर्मच्या मेनूत आधी भरलेल्या उत्तरांची लिंक काढायची सोय असते. त्या लिंकच्या शेवटी उत्तर जोडलेलं दिसतं, ते बदलून प्रत्येक मशीनची वेगळी लिंक शीटमध्येच तयार होते, आणि तिचे क्यूआर एकगठ्ठा छापता येतात. मेकॅनिकला फक्त कामाचा प्रकार निवडायचा आणि रक्कम टाकायची. कामाचे प्रकार यादीतूनच निवडायचे, आणि यादीतले शब्द त्यांचेच: गॅस, जेट सर्व्हिस (दाबाच्या पाण्याने धुणं), पाणी गळती, पीसीबी, कपॅसिटर. लिहायची मोकळीक दिली की 'ग्यास', 'गॅस भरला', 'गॅस चार्ज' असे तीन प्रकार तयार होतात आणि आपण रात्री नुसती झाडलोट करत बसतो.

मशीन क्रमांकाला सुरुवातीला एक अक्षर जोडा, नुसता आकडा ठेवू नका. शीटमधला डेटा निवडून गोळा करणारं क्वेरी फंक्शन एका रकान्यात एकाच जातीचा डेटा धरतं. आकडे जास्त आणि अक्षरं कमी असतील तर अक्षरांच्या जागी गुपचूप रिकामं दाखवतं. एरर नाही की काही नाही, बेरीज नुसती कमी येते.

आणखी एक, फॉर्मची उत्तरं जिथे पडतात त्या टॅबमध्ये शेजारी सूत्रं लिहू नका. फॉर्म दरवेळी नवी ओळ घुसवतो, त्या ओळीत तुमचं सूत्र नसतं. उत्तरांच्या टॅबला हात न लावता दुसऱ्या टॅबवर अ‍ॅरेफॉर्म्युलाने ओढून घ्यायचं, ते एकच सूत्र सगळ्या ओळींना लागू करतं.

डिसेंबरात एसीला उठाव

जुनी डायरी भाऊंच्या पुतण्याने आधीच शीटमध्ये टाइप करून ठेवली होती. पोराने मेहनत घेतली होती, पण शीटचं लोकेल (तारीख-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते सेटिंग) अमेरिकेचं, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. पहिला चार्ट काढला तर डिसेंबरात एसीच्या तक्रारींना उसळी! नागपुरात डिसेंबरात लोक स्वेटर घालून शेकोटीशी बसतात. जवळून बघितलं तर ती उसळी नेमकी ४ तारखेची. आणि ४ तारखेची टोकं जानेवारीत, फेब्रुवारीत, सगळ्याच महिन्यांत.

उलगडा असा: ०१/०४ म्हणजे १ एप्रिल, पण शीटने वाचलं ४ जानेवारी. ०२/०४ झालं ४ फेब्रुवारी. असं करत १२ एप्रिल झालं ४ डिसेंबर. ऐन हंगामातले पहिले १२ दिवस वर्षभर विखुरले. १३ एप्रिलपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख राहिलीच नाही, नुसता मजकूर झाला आणि चार्टमधून गळाला. ओळखायची खूण म्हणजे खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

आता लोकेल भारताचं करून भागत नाही. शीट तारीख आत आकड्यात साठवतं, ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेल्या दिवसांत. एकदा चुकीचा आकडा साठला की लोकेल बदलल्यावर तीच चुकीची तारीख नव्या वेषात दिसते, एवढंच. उपाय दोन तुकड्यांत केला. जे आकडा झालेत त्यांचा दिवस आणि महिना डेट फंक्शनने अदलाबदल करून घेतला, जे मजकूर राहिले ते तिरक्या रेघेवर फोडून पुन्हा जोडले. मग उसळी एप्रिल-मेमध्ये गेली आणि जिवात जीव आला.

परत तक्रार

माझ्या लेखी या डॅशबोर्डमधला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. एका मशीनचं काम झाल्यावर ठरावीक दिवसांत त्याच दुखण्याची तक्रार पुन्हा आली का?

बहुतेक तयार टेम्प्लेटांत सरसकट ३० दिवसांची मुदत असते. एसीला ती लागू पडत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. गळती न शोधता गॅस भरून मोकळं झालं तर मशीन त्या दिवशी मस्त थंड करतं, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि फ्लेअर नटमधून (नळ्यांच्या जोडावरचा नट) हळूहळू झिरपलेल्या गॅसची तक्रार दोन महिन्यांनी येते. ३० दिवसांच्या हिशेबात हा मेकॅनिक निर्दोष सुटतो. उलट ड्रेन (एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी) नीट साफ झाला नसेल तर पाणी आठवडाभरातच भिंतीवर उतरतं. म्हणून कामाच्या प्रकाराप्रमाणे मुदत ठेवली: गॅसला ९० दिवस, पाणी गळतीला १५, बाकीच्यांना ३०. ही मुदत वेगळ्या छोट्या तक्त्यात आहे, सूत्रात कोंबलेली नाही. भाऊंना उद्या बदलावीशी वाटली तर एकच खाना बदलायचा.

मेकॅनिकनिहाय तुलना मात्र मी पहिल्या पडद्यावरून काढून टाकली. सगळ्यात अनुभवी मिस्त्रीच्या परत तक्रारी सगळ्यात जास्त दिसत होत्या. दिसणारच, अवघड गळत्या आणि कॉम्प्रेसर त्याच्याच गळ्यात पडतात, नवा पोरगा दिवसभर जेट सर्व्हिस मारतो. आता तुलना फक्त एकाच प्रकारच्या कामात होते, आणि लागलेल्या वेळेची सरासरी न घेता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतो. एखादा कॉल कुलूपबंद गेटपाशी अडकला तर सरासरी बिघडते, मध्यक जागचा हलत नाही.

पैसे दोनदा दिसू लागले तेव्हा

बिल ६,००० चं. गिऱ्हाईकाने आधी ४,००० दिले, नंतर २,०००. तक्रारींचा तक्ता आणि जमेचा तक्ता लुकर स्टुडिओत 'ब्लेंड' केला, म्हणजे एकमेकांना जोडला, की बिलाची ओळ दोन वेळा येते आणि विक्री १२,००० दिसते. जमा बरोबर ६,०००. म्हणजे डॅशबोर्ड म्हणतो अजून ६,००० येणं बाकी, आणि भाऊ त्या बिचाऱ्या गिऱ्हाईकाला फोन लावणार! ब्लेंडच्या आधी शीटमध्येच क्वेरीने जमा पैसे तक्रारीनिहाय एका ओळीत गोळा केले की प्रश्न मिटतो. पुन्हा तेच, एक ओळ म्हणजे काय.

विक्री जीएसटी वगळून ठेवली. दुरुस्ती सेवेवर १८ टक्के आहे, तर १,१८० च्या बिलात धंद्याचे १,०००. १,१८० चे १८ टक्के वजा करणारे बरेच भेटतात, त्यांचं उत्तर येतं ९६७ रुपये ६० पैसे. भागायचं असतं १.१८ ने. आणि दर प्रत्येक ओळीत साठवा. भाऊ अधूनमधून नवं मशीनही विकतात. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दर एकाच खान्यात ठेवला असता तर त्या दिवशी जुनी सगळी बिलं बदलून बसली असती.

उधारीचे कप्पे करताना सगळीकडे ३०-६०-९० दिवस दिसतात. आम्ही ऑफिसांसाठी १५ आणि ४५ वर कापले. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं आहे. भाऊंची उद्यम नोंदणी (सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद) आहे. एएमसीच्या गिऱ्हाईकाकडे आठवण करून देताना ४६ वा दिवस हे सांगायला बरं पडतं, ६१ वा कुणाला काय सांगणार? घरगुती गिऱ्हाईकाचा प्रश्नच येत नाही, ते बहुधा जागेवर यूपीआय करतात.

हंगाम

एप्रिलची तुलना मार्चशी करून काही कळत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मग मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करावी तर कूलरच्या कामात तेही फसतं. आमच्याकडे होळी झाली की लोक कूलर माळ्यावरून काढतात, मोटर तपासतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात. धुळवड २०२४ मध्ये २५ मार्चला होती, २०२५ मध्ये १४ मार्चला. तारखेने बघितलं तर दुसऱ्या वर्षी मार्चच्या मध्यात धंदा एकदम वाढलेला आणि महिनाअखेरीला पडलेला दिसतो. म्हणून कूलरसाठी 'होळीपासून कितवा आठवडा' असा रकाना केला आणि दोन्ही वर्षांच्या रेषा चांगल्या जवळ आल्या. एसीला हे लागू नाही, तो पाऱ्यामागे धावतो आणि नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कळस गाठतो.

पडदा

पहिला मसुदा भाऊंना दाखवला. लुकर स्टुडिओचा नेहमीचा आडवा पडदा, बारा-पंधरा चार्ट, मला स्वतःला फार देखणा वाटत होता. भाऊंनी दोन बोटांनी मोठा करून, इकडेतिकडे सरकवून पाहिला.

"एवढे रंग कायले पायजे जी?"

मी म्हटलं, लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे चांगलं.

"ते ठीक हाय. पण आज पैसे कोणाले मागू, अन् कोणाच्या घरी पुन्हा जा लागते, ते सांगा ना."

आता पडदा उभा, फोनच्या मापाचा. सगळ्यात वर आज मागायच्या उधारीची यादी, जास्त दिवसांची आधी. त्याखाली उघड्या तक्रारी आणि त्यांच्या झालेल्या फेऱ्या. दोनपेक्षा जास्त फेऱ्या झालेली तक्रार लाल, बाकी कशालाच रंग नाही. विक्रीचा चार्ट खाली, ज्याला हवा त्याने सरकवत जावं. यादीत गिऱ्हाईकाचं नाव-नंबर नाही, मशीन क्रमांक आणि वस्ती तेवढी. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, कुठवर जाईल सांगता येत नाही. नंबर भाऊंच्या फोनमध्ये मशीन क्रमांकानेच सेव्ह आहेत. शीटवरचा डेटा लुकर स्टुडिओ साधारण १५ मिनिटांनी ताजा करतो, ते या कामाला पुरेसं आहे.

राहिलेलं काम गॅसच्या हिशेबाचं. विकत घेतलेला गॅस किलोत, भरलेला गॅस फॉर्मवर ग्रॅममध्ये, आणि मेकॅनिक काट्यावर वजन न करता गेजचं प्रेशर बघून अंदाजाने आकडा टाकतात. आर-३२ आणि जुन्या मशीनचा आर-२२ हे गॅस वेगळे धरावे लागतील, तेही फॉर्मवर अजून एकत्रच आहे. भाऊंनी दोन डिजिटल काटे मागवलेत. ते आले की सिलिंडरचं कामाआधीचं आणि नंतरचं वजन असे दोन खाने वाढवणार आहे. कुणी सिलिंडरच्या वजनाचा फोटो फॉर्मवर घेऊन बघितला असेल तर सांगा, आमच्याकडे गच्चीवर नेट मिळत नाही आणि फोटो अर्ध्यात अडकतो.