लक्ष्याशिवाय झपाटलेला
आज दुपारी भाचीला घेऊन 'झपाटलेला' आणि लगेच 'झपाटलेला २' असे दोन्ही सलग पाहिले. पहिला १९९३ चा, दुसरा २०१३ चा थ्रीडीवाला, मधे वीस वर्षं गेलीत आणि लक्ष्याही, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, गेलाय, २००४ मधेच. खरं सांगते, दुसरा भाग सुरू झाला तेव्हा पोटात कालवलं, कारण लक्ष्याशिवाय तात्या विंचू या झपाटलेल्या बाहुल्याला पाहायची सवयच नाही ओ आपल्याला.

पण दिग्दर्शक महेश कोठारेंनी जे केलंय ते मला फार आवडलं. लक्ष्याच्या मुलाच्या रोलमधे स्वतःचा मुलगा आदिनाथ! मित्र राहिला नाही तर त्याच्या पिक्चरमधल्या बोळके घराण्याचा वारसा आपल्या लेकाच्या हातात दिला, यात किती माया आहे. स्टोरी पहिल्याइतकी पकड घेत नाही, गाणीही जरा जास्तच वाटली, ते सोडा.

बाहुला मात्र अजून तोच. रामदास पाध्येंची कमाल आहे, त्यांच्या वडिलांपासून, म्हणजे वडिलांच्या अर्धवटराव या बाहुल्याच्या काळापासून चालत आलेली ही बोलक्या बाहुल्यांची कला. पहिल्या भागात तात्या नुसती मान वळवून डोळे फिरवतो ना, तिथे भाचीने दोन्ही पाय पटकन सोफ्यावर ओढून घेतले आणि माझा हात घट्ट धरला. रोज मोबाईलवर कायकाय भारी इफेक्ट्स बघणारी पोरगी ती! दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज आला की मलाही अजून काटा येतो.

रात्री जेवताना तिने लक्ष्याचे अजून पिक्चर मागितलेत, उद्या 'धूमधडाका' लावणार.