यूट्यूब वाजतं, पण नाट्यपदं वाजत नाहीत

"अहो, यूट्यूब अगदी खणखणीत वाजतं. आपली रेकॉर्डिंगच तेवढी वाजत नाहीत. तीही सगळी नाहीत, काही वाजतात." सांगलीतल्या एका संगीतप्रेमी मंडळाच्या कार्यवाह काकांचा हा फोन. संध्याकाळी श्रवणसत्र होतं. मंडळाकडे ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, एलपी आणि टेप यांचा चांगला संग्रह आहे आणि सभासदांनी तो हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आहे. विंडोज १०, त्यावर गाणी वाजवणारा फूबार२००० हा प्रोग्रॅम, पुढे कॉम्प्युटरचा आवाज यूएसबीतून घेऊन डिजिटल रूपातच पुढे देणारा नवीन यूएसबी कन्व्हर्टर, कन्व्हर्टरमधून ऑप्टिकल (प्रकाशाने डिजिटल आवाज नेणारी) केबल आणि शेवटी मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर, अशी जोडणी.

काकांनी फोनवर सांगितलं त्यातच निम्मं निदान होतं. एकाच केबलवरून यूट्यूब वाजत असेल, तर केबल, कन्व्हर्टर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही साखळी निदान एका फॉरमॅटला तरी शाबूत आहे. काही फाइली वाजतात आणि काही नाहीत, म्हणजे दोष फाइलीच्या जातीप्रमाणे बदलतोय. अशा वेळी ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकायला बसलं की तासभर हकनाक जातो.

तरी पोचल्यावर प्राथमिक गोष्टी उरकल्या. कन्व्हर्टर मॉनिटरच्या हबमध्ये खोचलेला होता. तो काढून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नव्हती. यूएसबी ऑडिओ क्लास २चा (अशा यूएसबी ध्वनियंत्रांच्या मानकाचा) ड्रायव्हर विंडोज १०मध्ये २०१७च्या १७०३ आवृत्तीपासून आतच असतो, त्यामुळे वेगळं काही टाकायची गरज नव्हती. (कन्व्हर्टरचा दिवा लागतो पण विंडोजला तो दिसतच नाही, असं असेल तर आधी केबल बदलून बघा. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात.) व्हॉल्यूम मिक्सरमध्ये फूबार म्यूट नव्हता, फूबारची स्वतःची पट्टी ० डेसिबलवर, म्हणजे पूर्ण वर होती.

मग काकांना न वाजणारं एक पद लावायला सांगितलं. बालगंधर्वांची ७८ची तबकडी. लावताक्षणी चूक दाखवणारी खिडकी उघडली: अनसपोर्टेड स्ट्रीम फॉरमॅट, ९६००० हर्ट्झ, २४ बिट, १ चॅनल. म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६००० नमुने (सॅम्पल), प्रत्येक नमुना २४ बिटांचा, एकच चॅनल (मोनो), आणि हा फॉरमॅट चालत नाही. वेळेचा काटा शून्यावरच. दुसरी फाइल एका एलपीवरून उतरवलेल्या ख्यालाची. इथे चूक दाखवणारा संदेश नाही, काटा व्यवस्थित पुढे सरकतोय, फूबारमधले मीटरही नाचतायत, आणि खोलीत चिडीचूप. ॲम्प्लिफायरकडे बघितलं, तर पुढच्या पट्टीवरचा डिजिटल लिहिलेला छोटा दिवा उघडझाप करत होता.

बाहेरून दोन्ही तक्रारी एकच, आवाज नाही. पण हे दोन वेगळे दोष होते. काटा शून्यावर अडला की गाठ कॉम्प्युटर आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये असते. काटा चालतोय आणि तरी शांतता आहे, तर कन्व्हर्टरने माल घेतलाय आणि अडचण त्याच्या पुढे आहे. आवाज गेल्याची तक्रार घेताना मी हा काट्याचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो.

फूबारच्या यादीत चॅनल आणि सॅम्पलरेट (सेकंदाला किती नमुने) असे दोन नवे रकाने घातले आणि त्यांवर क्रम लावला. काका शेजारी बसून वाजतं, नाही वाजत असं सांगत गेले आणि चित्र स्वच्छ झालं. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या सगळ्या स्टिरिओ फाइली वाजत होत्या, ९६च्याही. १७६.४ आणि १९२च्या सगळ्या मुक्या. आणि मोनो फाइल कुठल्याही रेटची असो, संदेश देऊन अडत होती. ७८ची तबकडी मोनोच असते आणि उतरवणाऱ्याने ती एकाच चॅनलवर साठवली होती. यात त्याचं काहीही चुकलेलं नाही, फाइलचा आकार निम्मा होतो. ९६ किलोहर्ट्झही विचारपूर्वक निवडलेलं होतं, कारण तबकडीचे खरखरीचे टोकदार ठोके वरच्या रेटवर जास्त स्पष्ट सापडतात आणि साफ करायला सोपे जातात.

मग यूट्यूब का वाजत होतं? विंडोज नेहमीच्या शेअर्ड पद्धतीत सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज स्वतःच्या मिक्सरमध्ये घेतं, एकाच ठरलेल्या फॉरमॅटमध्ये बदलतं आणि मगच पुढे पाठवतं. इथे तो फॉरमॅट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ होता. मोनो असो की १९२, बाहेर पडताना ते ४८चं स्टिरिओ होऊनच पडणार. फूबारमध्ये मात्र कन्व्हर्टरच्या नावापुढे एक्सक्लुझिव्ह लिहिलेलं आउटपुट निवडलेलं होतं. त्यात मिक्सर बाजूला होतो आणि फाइल जशी आहे तशी यंत्रापुढे ठेवली जाते. कन्व्हर्टर विंडोजला आपल्याला चालणाऱ्या फॉरमॅटची यादी देतो, आणि या कन्व्हर्टरच्या यादीत फक्त २ चॅनल होते. १ चॅनलची मागणी त्याने सरळ नाकारली. हाच नकार कधी बिटच्या संख्येवरूनही येतो. काही यंत्रांना २४ चालत नाही, ३२च लागतं. तेव्हा फूबारच्या आउटपुट पानावर बिट डेप्थ बदलून बघावी.

शेअर्ड आउटपुट निवडलं असतं तर सगळंच दोन मिनिटांत वाजलं असतं, आणि ७८च्या तबकडीपुरता कानाला फरक कळला असता असं मला वाटत नाही. पण एक्सक्लुझिव्हचा आग्रह मंडळाचा होता आणि तो मला पटला. एखादा राग रंगलेला असताना मधेच ईमेल आल्याची टिंग स्पीकरमधून येणं त्यांना नको होतं.

मोनोचा उपाय सोपा. प्रेफरन्सेस, प्लेबॅक, डीएसपी (वाजवताना आवाजावर होणारी प्रक्रिया) मॅनेजर, आणि तिथून कन्व्हर्ट मोनो टू स्टिरिओ हे चालू यादीत टाकायचं. तोच आवाज दोन्ही चॅनलवर जातो, मूळ फाइलला हात लागत नाही. बालगंधर्व लगेच वाजले.

१९२च्या शांततेचं कारण ऑप्टिकल केबलच्या पलीकडे होतं. एसपीडिफमध्ये, म्हणजे या केबलवरून डिजिटल आवाज नेण्याच्या पद्धतीत, प्रत्येक सॅम्पलला ३२ बिटांची जागा मिळते, दोन चॅनलचे ६४. ९६,००० ला ६४ने गुणलं की सेकंदाला ६१,४४,००० बिट होतात, १,९२,००० ला बरोबर दुप्पट, १,२२,८८,०००. जुन्या ॲम्प्लिफायरांतले पुष्कळ ऑप्टिकल रिसीव्हर सेकंदाला साधारण ६० लाख बिटांच्या हिशोबाने बनवलेले असतात. ९६ला ते कसेबसे पुरतात, त्यावर नाही. खात्रीसाठी ऑप्टिकलऐवजी ७५ ओहमची कोॲक्सिअल (विजेने सिग्नल नेणारी) केबल लावून बघितली, तरी दिवा उघडझापच करत राहिला. काकांनी जपून ठेवलेल्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर उत्तर मिळालं: ३२, ४४.१, ४८, ८८.२ आणि ९६ किलोहर्ट्झ. म्हणजे मर्यादा ॲम्प्लिफायरचीच, केबल बदलून काही होणार नव्हतं. कन्व्हर्टर मात्र १९२पर्यंतचा असल्यामुळे यूएसबीवरून सगळं निमूटपणे घेत होता. ॲम्प्लिफायरला सिग्नल पकडता येत नाहीये (दिव्याची उघडझाप त्याचीच) हे एसपीडिफवरून मागे कळवायची सोय नाही, म्हणून कॉम्प्युटरवर चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

इथे रिसॅम्पलर, म्हणजे सॅम्पलरेट बदलणारा डीएसपी, लावला. फूबारसाठी मिळणाऱ्या सॉक्स रिसॅम्पलरच्या सुधारित आवृत्तीत ठरावीक रेटच्याच फाइली बदल असं सांगता येतं. १९२चं ९६ आणि १७६.४चं ८८.२, म्हणजे बरोबर निम्मं, बाकीच्यांना स्पर्श नाही. एका फोल्डरमध्ये डीएसडी (आवाज एकेका बिटात साठवणाऱ्या वेगळ्या जातीच्या) फाइलीही होत्या. त्या पीसीएमच्या (नेहमीच्या नमुन्यांच्या फॉरमॅटच्या) वेष्टनात तशाच पाठवायच्या तर डीएसडी६४ या डीएसडीच्या मूळ प्रकारालाही १७६.४चाच रेट लागतो, आणि हा ॲम्प्लिफायर ते वेष्टन ओळखतही नाही. त्यांनाही फूबारमध्येच पीसीएम करून घेतलं.

सगळं वाजायला लागल्यावर एक बारीक गोष्ट राहिली. ४४.१च्या गाण्यानंतर ९६चं आलं की ॲम्प्लिफायर नव्या रेटवर स्थिर व्हायला क्षणभर घेतो आणि तेवढा आवाज गिळतो. ७८च्या तबकड्यांत सुरुवातीला सुईची खरखर असते, तिथे काही बिघडत नाही. पण टेपवरून घट्ट कापून घेतलेल्या फाइलींत पहिला षड्जच जात होता. म्हणून सत्राच्या यादीसाठी डीएसपीचा वेगळा संच जतन केला: आधी मोनोचं स्टिरिओ, मग सगळं सरसकट ९६. रेट बदलतच नाही, त्यामुळे सुरुवात कापली जात नाही.

जाताना काकांना एवढंच दाखवलं की सत्र संपल्यावर पॉज न करता स्टॉप दाबायचं. पॉजवर फूबार कन्व्हर्टर धरून ठेवतो आणि मग यूट्यूब मुकं होतं.