तुम्ही विचारलंत म्हणून : बारा तासांचं सर्टिफिकेट

गणपतीच्या आरतीनंतर, हळदीकुंकवाला, व्हिडिओ कॉलवर प्रश्न ठरलेला असतो. ‘अगं, तू नाशिकची फिजिओथेरपिस्ट. कायरोप्रॅक्टरकडे असिस्टंट व्हायला पुन्हा सर्टिफिकेट कशाला? आपल्याकडे न्हावीसुद्धा मान मोडून देतो.’

कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने मणके दाबून, सरकवून उपचार करणारे. पण मान मी मोडत नाही. मला त्याची सक्त मनाई आहे.

मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहते. इथे पेशंटला शेक द्यायचा, इलेक्ट्रोथेरपी (विजेच्या सौम्य प्रवाहाचे उपचार) लावायची, तर असिस्टंटला राज्याच्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं. नुसते फोन घेणाऱ्यांना लागत नाही. माझी पदवी इथे आपोआप चालत नाही. फिजिओथेरपीच्या लायसन्ससाठी पदवीची पडताळणी आणि राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, ते माझं अजून चालू आहे. तोवर मी असिस्टंट, आणि मला नियमही असिस्टंटचेच.

मी केलं तेव्हा ट्रेनिंग १२ तासांचं होतं. ८ तास थिअरी, ४ तास प्रत्यक्ष. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून. मला हे फार कमी वाटतं. मेरीलँडमध्ये असिस्टंटला १०३ तासांचा अभ्यासक्रम आणि ५२० तास क्लिनिकमध्ये देखरेखीखाली काम, एवढं करावं लागतं. अशा बोर्डांची संघटना असलेल्या फेडरेशन ऑफ कायरोप्रॅक्टिक लायसन्सिंग बोर्ड्सचं देशपातळीवरचं सर्टिफिकेट २४ तासांचं. काही राज्यांत तर काहीच लागत नाही, म्हणजे आज नोकरीला लागलेला मुलगा उद्या पेशंटच्या पाठीवर हॉट पॅक ठेवू शकतो.

आपल्या रबरी शेकपिशवीसारखा हा पॅक नसतो. तो ७० अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यात बुडवलेला असतो. चिमट्याने उचलला की पाणी टपटपतं, वाफ तोंडावर येते. मध्ये टॉवेलचे सहा ते आठ थर घालायचे. त्याआधी विचारायचं, मधुमेह आहे का, कुठे बधिरपणा आहे का. बधिर कातडीला चटका कळत नाही. पेशंट ‘छान वाटतंय’ म्हणत पडून राहतो आणि उठल्यावर फोड दिसतो. इलेक्ट्रोड लावताना पेसमेकरचं विचारायचं. हे कुणीतरी सक्तीने शिकवलंच पाहिजे, आणि चुकलं तर पेशंटला तक्रार घेऊन जायला एक दार हवं.

नियमांचा उरलेला भाग मनाईचा. शारीरिक तपासणी, पहिल्या भेटीत आजाराची हिस्टरी घेणं, स्नायूंची ताकद हाताने तपासणं, मणके ॲडजस्ट करणं म्हणजे हाताने सरकवणं, यातलं काहीही असिस्टंटने करायचं नाही. शिवाय कायरोप्रॅक्टर क्लिनिकमध्ये हजर हवेत.

यातली स्नायूंची तपासणी मी नाशिकला रोज करायचे. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा मानेला शेक घ्यायला आले. मी पॅक ठेवत असताना म्हणाले, दोन दिवस हातातून कप निसटतोय. माझा हात त्यांच्या बोटांकडे गेलाच होता. ‘बोटं फाका, मी दाबते, दाबू देऊ नका,’ हे शब्द अगदी ओठांवर होते.

पॅक बाजूला केला. ‘पडून राहा, मी आलेच,’ म्हटलं आणि डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांनी दोन्ही हात तपासले, मानेला ॲडजस्टमेंट दिली नाही आणि आजोबांना त्याच दुपारी एमआरआयसाठी पाठवलं.