म्युझिक प्लेअर घेण्याआधी चाचणीचं कार्ड तयार करा

म्युझिक प्लेअरच्या खोक्यावर ३२-बिट, ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी (आवाज साठवायचा एक प्रकार) असलं ठळक अक्षरात छापलेलं असतं. रोजच्या ऐकण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. सीडी १६-बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते आणि बहुतेकांच्या संग्रहात त्यापुढचं क्वचितच काही असतं. प्लेअर नकोसा होतो तो भलत्याच कारणांनी. गाणी उलटसुलट क्रमाने वाजतात, राग मध्येच तुटतो, मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. यातलं खोक्यावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून ३२ जीबीचं एक मायक्रोएसडी कार्ड एफएटी३२ मध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा, त्यावर खालच्या फाइली टाका आणि दुकानात घेऊन जा. ऑनलाइन मागवला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरीच हे सगळं उरकून घ्या.

पहिली फाइल तानपुऱ्याची. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचा तानपुरा घ्या, मधोमध कापा, दोन्ही तुकडे ०१ आणि ०२ नावाने आधी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज दाबणारा प्रकार) आणि मग एमपी३ मध्ये काढा. सलग लावून सांध्यावर कान द्या. तबल्याच्या ठेक्यात एखादा बारीक खंड खपून जातो, तानपुऱ्यात नाही. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ सॅम्पलच्या (नमुन्यांच्या) तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, साठवतात. शेवटची फ्रेम भरायला थोडी शांतता घालावी लागते आणि सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, थोडी घालतोच. ती किती, याची नोंद लेम हा एमपी३ एन्कोडर फाइलमध्येच करून ठेवतो. प्लेअरने ती वाचून तेवढा भाग गाळायचा असतो. न वाचणाऱ्या प्लेअरमध्ये सांध्यावर खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये अशी भरती नसतेच, त्यामुळे तिथे खंड ऐकू आला तर दोष सरळ प्लेअरचा. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात, मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जातात. तुम्ही फक्त सुटी गाणी ऐकत असाल तर ही चाचणी सोडून द्या.

दुसरी फाइल देवनागरीची. फाइलच्या आत गाण्याची माहिती, म्हणजे टॅग, भरायच्या एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचं नाव ‘विठ्ठल कीर्तन ज्ञानेश्वरी’ असं भरा आणि टॅगचा प्रकार आयडी३ २.३ आणि अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-१६ ठेवून सेव्ह करा. प्रश्नचिन्हं किंवा अगम्य चिन्हं दिसली तर प्लेअरला एन्कोडिंग कळलेलं नाही. टॅग दुसऱ्या प्रकारे लिहून कधीकधी काम भागतं. चौकोन दिसले तर फॉन्टच नाही. ‘वि’ची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लटकलेली आणि ‘ठ्ठ’ सुटा दिसला, तर फॉन्ट आहे पण जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही. शेवटचे दोन दोष फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलल्याशिवाय जात नाहीत. मराठी संग्रह मोठा असेल तर रोमनमध्ये टॅग लिहीत बसण्यापेक्षा दुसरा प्लेअर बघावा.

तिसरी चाचणी क्रमाची. एका फोल्डरमध्ये आधी ०३, मग ०१, मग ०२ कॉपी करा. स्वस्तातले बरेच प्लेअर नाव बघतच नाहीत. कार्डावर जे आधी गेलं ते आधी वाजवतात. यावर फॅटसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते कार्डावरच्या फाइली नावाच्या क्रमाने लावतं. आकड्याआधी शून्य मात्र हवंच, नाहीतर १ नंतर १० येतं.

मग तीन तासांचं कीर्तन किंवा नाटक टाका. मध्यावर नेऊन प्लेअर पूर्ण बंद करा आणि पुन्हा चालू करा. तिथूनच सुरू झालं तर उत्तम, नाहीतर दर वेळी बोट दाबून पुढे पळवणं नशिबी येतं.

सूं आवाज तपासायला कोरी शांत फाइल घेऊ नका. पूर्ण शांतता आली की काही प्लेअर आउटपुटच बंद करतात आणि आपण फसतो. अगदी हळू केलेला तानपुरा ठेवा, कानात घट्ट बसणारे इअरफोन लावा. व्हॉल्यूमची पहिली पायरीही बघा. ती रात्री निजताना मोठी वाटत असेल तर खाली जायला जागाच नाही.

आकड्यांतले दोनच महत्त्वाचे. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. एकापेक्षा जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स स्वरागणिक बदलतो, म्हणून हे जुळलं नाही की खर्ज किंवा तार मूळच्यापेक्षा कमीजास्त ऐकू येतो. दुसरा आकडा ताकदीचा. १०० डीबी/मिलीवॅटच्या (एका मिलीवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या) इअरफोनला १० मिलीवॅटमध्ये ११० डेसिबल मिळतात, म्हणजे कानाला सोसेल त्यापेक्षा जास्तच. मग खोक्यावरचे २०० मिलीवॅट घेऊन करायचं काय? ३०० ओहमचा, ९७ डीबी/मिलीवॅटचा हेडफोन असेल तर मात्र गोष्ट वेगळी: तेवढ्याच आवाजाला जवळजवळ अडीच व्होल्ट लागतात. छोट्या प्लेअरच्या ३.५ मिमी जॅकवर ते क्वचितच मिळतात, जास्त व्होल्ट देणारा ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅक बघावा लागतो.

ब्लूटूथ इअरफोनच वापरणार असाल तर प्लेअरमधल्या महागड्या डॅक चिपचे पैसे वाया. डिजिटलचं अॅनालॉग करण्याचं तिचं काम तेव्हा इअरफोनच्या आत होतं. तिथे फक्त दोन्हीकडे एकच कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) आहे का, एवढं बघा.

स्ट्रीमिंग हवं असेल तर सोनीच्या एनडब्ल्यू-ए३०६ सारखा अँड्रॉइडवाला घ्यावा लागेल. अँड्रॉइड जुनं झालं की अॅप्स एकेक करून साथ सोडतात, हे धरूनच चाला. स्वतःच्या फाइलींपुरता शानलिंग एम० सारखा छोटा पुरतो. जुना आयपॉड स्वस्तात मिळाला तरी तो फ्लॅक वाजवत नाही. आधी फाइली अॅलॅकमध्ये (अॅपलचा फ्लॅकसारखाच प्रकार) बदला किंवा त्या मॉडेलवर चालत असेल तर रॉकबॉक्स हे पर्यायी फर्मवेअर टाका.

जागेचा हिशेब: मिनिटाला ३२० केबीपीएसचं एमपी३ २.४ एमबी खातं, सीडीचं फ्लॅक साधारण ५ ते ७. कार्ड ६४ जीबी किंवा मोठं असेल तर ते एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतं. प्लेअर ते वाचत नसेल तर एफएटी३२ करून बघा. नवं कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड आकडा पूर्ण दाखवतं, पण खरी जागा संपली की पुढची गाणी खराब होतात. कॉपी करताना कार्ड काढून रीडरमध्ये लावा. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने प्लेअरमधून १२८ जीबी भरायला साडेतीन तास जातात.

सेकंडहँड घेताना प्लेअर सपाट टेबलावर ठेवा. पाठ डगमगली किंवा स्क्रीनची कड वर आलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. तो चार्जिंगलाही लावू नका.