पीएमएसएफ शेवटच्या क्षणीच का घालायचं?

लॅबमध्ये नवीन आलेली मुलंमुली पहिल्या महिन्यातच विचारतात: बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कालच करून ठेवलं, मग पीएमएसएफ (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइम्सना रोखणारं रसायन) तेव्हाच का नाही घातलं? पेशी फोडताना ऐनवेळी कशाला? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

पेशी शाबूत असते तोवर प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, म्हणजे प्रोटिएज, बरीचशी आपापल्या कप्प्यात असतात. सोनिकेशन केलं, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडल्या, की सगळं एकत्र येतं आणि आपलं प्रथिनही त्यांच्या तावडीत सापडतं. पीएमएसएफचा रेणू सेरीन प्रोटिएजच्या (सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर कापणाऱ्या प्रोटिएजच्या) नेमक्या कामाच्या जागी शिरतो आणि तिथल्या सेरीनला कायमचा जडतो. ट्रिप्सिन असो की कायमोट्रिप्सिन, ते एन्झाइम तिथेच निकामी होतं.

पण हा रेणू पाण्यातही टिकत नाही. 25 अंशांना, पीएच 7 असताना तो निम्मा व्हायला साधारण 110 मिनिटं लागतात. पीएच 7.5 ला 55 आणि 8 ला जेमतेम 35. आपलं ट्रिस बफर बहुतेक वेळा 8 चंच असतं! बर्फावर वेग मंदावतो, तरी काल घातलेल्यावर आज विसंबू नका.

मी विसंबले होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तीन लिटर कल्चर वाढवलं आणि आदल्या रात्री पीएमएसएफ घातलेलं बफर वापरलं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल कुमासी रंगात रंगवून धुतलं, तर माझ्या एका ठसठशीत बँडच्या जागी खालपर्यंत उतरलेली बारीक पट्ट्यांची शिडी. आठवड्याची मेहनत गेली. रडले होते त्या दिवशी.

म्हणून पीएमएसएफचा स्टॉक, म्हणजे साठवायचं तीव्र द्रावण, कोरड्या आयसोप्रोपेनॉलमध्येच करायचा, एका मिलिलिटरला 17.4 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिमोलर. वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेच, कारण आपल्या नसांमधलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजही सेरीनवरच चालतं. उणे 20 मधून काढल्यावर तळाशी स्फटिक दिसले तर कुपी मुठीत धरून ते पूर्ण विरघळू द्या. धातूवर चालणाऱ्या प्रोटिएजवर मात्र याचा इलाज नाही. तिथे धातू पकडून ठेवणारं ईडीटीए लागतं, आणि पुढे प्रथिन शुद्ध करायला निकेल कॉलम असेल तर तेही चालत नाही, कारण ते निकेलही ओढून घेतं.

10 मिलिलिटर बफरला 100 मायक्रोलिटर स्टॉक. थंड बफरमध्ये थेंब पडला की दुधासारखा ढग उठतो. घाबरू नका, तो जाईपर्यंत हलवत राहा आणि लगेच पेशी घाला. सोनिकेशन लांबलं तर मध्येच आणखी एकदा घाला.