ढुशी देणारा दात

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयातील पेंढा भरलेले प्राणी पाहून घरी परतल्यावर, हत्तीच्या सुळ्याला नॉर्वेजियन भाषेत काय म्हणतात हे मी मुद्दाम शोधले. शब्द मिळाला ‘स्तोततान’. त्यातील ‘स्तोत’ म्हणजे धक्का आणि ‘तान’ म्हणजे दात. आपल्या कोल्हापुरी बोलीत सांगायचे तर ढुशीचा दात. हा ‘तान’ आणि संस्कृत ‘दन्त’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत, कारण मूळचा ‘द’ जर्मानिक भाषांत, म्हणजे नॉर्वेजियन, इंग्रजी यांच्या कुळात, नियमाने ‘त’ झाला. म्हणूनच आपल्या ‘दहा’ला नॉर्वेजियनमध्ये ‘ती’ म्हणतात. मला नॉर्वेजियन शब्द अधिक नेमका वाटतो. आपण ‘सुळा’, म्हणजे पटाशीच्या शेजारचा टोकदार दात, म्हणतो खरे, पण हत्तीचे सुळे प्रत्यक्षात वरच्या जबड्यातील वाढलेले पटाशीचे दात असतात; वॉलरस या समुद्री प्राण्याचे मात्र खरोखरच सुळे.